पायपुसणं

शुक्रवारी पाचच्या आत अर्ज तार्तूला पोचायला हवा.
त्यात चौकोन दोनच: वर्णनात्मक. अन्वयार्थी.
दोन्ही डगरींवर हात ठेवून प्रबंध होत नाही,
असं उर्वेबाईंनी दोनदा कळवलंय.
म्हणून हेल्वे, हीयुमा बेटावरची फिरती नर्स,
रक्तदाबाची वही बाजूला सारते
आणि एंडेलचा आवाज पुन्हा लावते.

'रोज सकाळी मी मागच्या दाराने बाहेर पडतो.
घराला वळसा घालतो. पुढचं दार वाजवतो.
हातात कालचा पेपर.
लाइने दार उघडते, म्हणते,
या पोस्टमन, गारठला असाल.
मग मला कॉफी मिळते.'

त्यानंतर टेपवर बराच वेळ नुसतं घड्याळ,
आणि लांबून फेरीबोटीचा भोंगा.

एकावन्न वर्षांचा संसार.

वर्णन करायचं तर हे आहे तसं ठेवायचं.
मीठमसाला नाही, हळहळ नाही,
आणि आपलं जे काही असेल ते कंसात टाकायचं.
हेल्वेचं आहेच. शेवटची दोन वर्षं
आई तिला शाळा तपासणारी बाई समजायची.
ती आली की घाईघाईने
टेबलावरचे चमचे ओळीत लावायची.
हे कंसात टाक, पद्धत म्हणते.

आता मराठीत हा शब्दच बिनभरवशाचा.
कंसाने कितीही पहारे बसवू देत,
ऐन मध्यरात्री कड्या आपोआप निघतात
आणि जे कोंडायचं होतं नेमकं तेच
कुणीतरी टोपलीत घालून
पुरातून पलीकडे नेतं.

बरं, अर्थ लावायचा, तर सगळं आत घ्यायचं,
आईचे चमचेसुद्धा.
पण तिथे वेगळीच धास्ती. एका अक्षराचा फरक,
ध चा मा,
आणि एंडेलच्या तोंडी हेल्वेचं दुःख.
तो कधी म्हणाला होता, दुःख?
तो तर कॉफीबद्दल बोलत होता.

बुधवारी मसुदा घेऊन ती त्याच्याकडे गेली.
जुनिपरच्या झुडपांवर बर्फ भुरभुरलेलं.
दार लाइनेने उघडलं. पाहिलं.
त्या पाहण्यात मागचं काहीच नव्हतं,
ना नाव, ना गेल्या मंगळवारची भेट.
इतकं कोरं बघणं
पद्धतीच्या पुस्तकांना सात जन्मांत जमलं नसतं.
क्षणभरच.
मग ती म्हणाली, अंडी आणलीत ना?

कोऱ्या पाटीलाही राहवत नाही.

एंडेलने चश्मा लावला, ओळीखाली बोट फिरवत वाचलं,
जसं तो पूर्वी बोटीच्या इंजिनाची यादी वाचत असेल.
'बरोबर आहे,' म्हणाला. 'एक राहिलं.
आत येताना मी पाय पुसतो.
नीट. दोन्ही.'

रात्री तिने टेप मागे नेली. होतं की तिथे!
दार उघडणं आणि कॉफी यांच्या मधे,
स्वच्छ, खणखणीत, पाय पुसतो.
उतरवून घेताना तिनेच गाळलं होतं.

आईच्या दारात तीही पुसायची,
तपासायला आलेल्या बाईने पुसावेत तसे,
घाई न करता, टाचांपासून.
इतक्या वेळा पुसले होते
की त्याचा आवाज तिला आता ऐकूच येत नव्हता.

म्हणजे कंसातून काही बाहेर आलं नव्हतं,
उलट एंडेलचंच एक वाक्य
आत ओढलं गेलं होतं.

तिने दुसऱ्या चौकोनावर खूण केली.
पेन अडलं, दोनदा गिरवावं लागलं.
उर्वेबाई विचारतील, नक्की ना?
नक्की कुठलं. पण शुक्रवार उद्यावर होता.

मग कोरं पान घेतलं,
संशोधकाने स्वतःबद्दल लिहायचं असतं ते,
आणि बराच वेळ घड्याळ ऐकून
पहिली ओळ लिहिली:
चमचे सहा होते.